घामाची नस कापली, आता हृदयाचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ३४, राहणार बडोद्यातलं कारेलीबाग. नऊ वर्षांपूर्वी तळहातांच्या घामासाठी छातीतून दुर्बिणीने नस कापून घेतली. हात कोरडे झाले, ते आजही कोरडे आहेत. यंदा मनगटावर स्मार्टवॉच आलं आणि ते सांगू लागलं की बसल्या जागी नाडी ५२. पावागडला माचीपासून पायऱ्या चढताना मित्रांचे आकडे १७५-१८० वर गेले, तुमचा १५० च्या पुढे सरकेना. पुढे कंपनीच्या वार्षिक तपासणीत ट्रेडमिल टेस्ट झाली आणि कागदावर शेरा आला: ‘अपेक्षित हृदयगती गाठली नाही’. आई म्हणतात, तेव्हाच सांगत होते, हृदयाची नस कापून घेऊ नकोस. त्यात आता मामेबहिणीलाही हेच करून घ्यायचंय. तुम्ही विचारता: या शस्त्रक्रियेचा हृदयावर काळानुसार काय परिणाम होतो?

मी भूलतज्ज्ञ आहे. हृदयरोगाचा डॉक्टर नाही आणि घामाचा सर्जनही नाही. पण ती नस कापली जाते त्या क्षणी सर्जनचे डोळे छातीचा आतला भाग दाखवणाऱ्या स्क्रीनवर असतात आणि माझे हृदयाच्या मॉनिटरवर. शिवाय हीच माणसं दहा-बारा वर्षांनी पित्ताशय, हर्निया नाहीतर सिझेरियनसाठी पुन्हा माझ्याच टेबलावर येतात. बडोद्यात तीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे या गोष्टीची दोन्ही टोकं पाहायला मिळाली.

आधी आईंची शंका, कारण तिचं मूळ आपल्या भाषेत आहे. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ आणि मान अवघडली की ‘नस दबली’. त्यामुळे ‘छातीतली नस कापली’ म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे हृदयाला रक्त देणारी धमनी येणारच. तिला कुणी हात लावलेला नाही. पाठीच्या मण्यांच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मुळाशी, मज्जातंतूंची एक बारीक साखळी उतरते. मध्येमध्ये गाठी असलेला मळकट पांढरा दोरा, दुर्बिणीतून पाहिलं तर फुफ्फुसाच्या पातळ आवरणाखाली उंचवट्यासारखा दिसतो. त्या साखळीला सिंपॅथेटिक चेन म्हणतात. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पातळीवरून हाताच्या घामग्रंथींना हुकूम जातात. सर्जन तिथे साखळी जाळून तोडतो, नाहीतर क्लिप लावतो.

अडचण एवढीच की त्याच पातळ्यांवरून हृदयाकडेही धागे जातात. मानेच्या तळाशी स्टेलेट नावाची मोठी गाठ आहे. तिथून आणि छातीच्या वरच्या चार-पाच पातळ्यांतून हृदयाला ‘जोरात चल’ हा निरोप मिळतो. म्हणजे घामाची तार तोडताना हृदयाच्या जुडग्यातले काही धागे तुटतातच. सगळे तुटत नाहीत, कारण स्टेलेट गाठ सर्जन जाणूनबुजून सोडतो. तिला धक्का लागला तर पापणी खाली येते आणि बाहुली लहान होते, त्यामुळे तिच्या वाटेला कुणी जात नाही. पहिल्या पातळीचे धागे त्यामुळे शाबूत राहतात.

त्या क्षणी मला काय दिसतं? रुग्ण झोपलेला, एका बाजूचं फुफ्फुस मिटवलेलं, बोटाच्या टोकाला तापमान मोजणारी बारीक तार लावलेली. सर्जन म्हणतो, ‘कापतोय’. मी अ‍ॅट्रोपिनची सिरिंज हातात घेतो. नाडी वाढवणारं हे औषध आधीच भरून ठेवलेलं असतं, ०.६ मिलिग्रॅमची एक कुपी. पुढच्या काही मिनिटांत बोटाचं तापमान चढायला लागतं, एक अंश, कधी त्याहून जास्त. नेहमी ओला, थंडगार असणारा तळवा गुलाबी आणि ऊबदार होतो. याच वेळी नाडी थोडी उतरते. ७४ होती ती ६८, कधी ६५. क्वचित एकदम खाली येते, म्हणून ती सिरिंज. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय थांबल्याच्या काही घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या दुर्मिळ असल्या तरी सिरिंज कपाटात ठेवून भागत नाही.

आता तुमचे ५२. हे समजायला हृदयाची एक गंमत माहीत हवी. हृदय कुणाच्या सांगण्यावरून धडधडत नाही. त्याची लय त्याची स्वतःची आहे, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच द्रुत असते. सगळे मज्जातंतू बाजूला केले तर चौतिशीतल्या माणसाचं हृदय मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. मग आपली नाडी ७० का असते? व्हेगस नावाचा दुसरा मज्जातंतू तिला सतत मागे खेचून धरतो म्हणून. स्टेशनवर टांगे उभे असायचे तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना चटकन कळेल. घोडा मुळातच धावायच्या बेतात असतो, टांगेवाल्याने लगाम ओढून धरलेला असतो. वेग हवा असला की तो आधी लगाम सैल सोडतो. चाबूक नंतर, आणि तोही चढ लागला तर. जिना चढताना नाडी ७० वरून १०० होते ती बहुतांशी लगाम सुटल्यामुळे. १०० वरून १८० होते ती चाबकामुळे, म्हणजे सिंपॅथेटिक साखळीच्या निरोपामुळे.

तुमच्या शस्त्रक्रियेने लगामाला काही झालेलं नाही, चाबूक तेवढा आखूड झाला. म्हणून बसल्या जागी फरक लहान असतो. बहुतेक रुग्णांत मिनिटाला पाच ते दहा ठोके कमी. वरच्या टोकाला तो उठून दिसतो: पूर्ण दमवणाऱ्या व्यायामात गाठता येणारा सर्वांत मोठा आकडा साधारण दहा टक्क्यांनी खाली येतो, कुणाचा थोडा जास्त. अभ्यास होत आलेत ते १९८० च्या दशकापासून आणि सगळ्यांचा सूर हाच. नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकरची छोटी गोळी रोज घेणाऱ्या माणसाचं हृदय जसं वागतं तसं हे वागतं. फरक इतकाच की गोळी बंद करता येते.

मग धाप लागायला हवी, दम कमी पडायला हवा, असं वाटेल. तसं सहसा होत नाही. हृदयाचे ठोके कमी पडले की दोन ठोक्यांमध्ये भरायला वेळ जास्त मिळतो, आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ट्रेडमिलवर प्राणवायूचा वापर मोजला तेव्हा शिखराची नाडी घटली, पण काम करण्याची क्षमता जवळपास होती तशीच राहिली. शिवाय मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे जाणाऱ्या तारा खालच्या पातळ्यांतून येतात, त्या शाबूत आहेत. त्यांचं अ‍ॅड्रिनलीन रक्तातून हृदयापर्यंत पोचतंच, थोडं उशिरा. म्हणून पायऱ्या चढायला लागल्यावर पहिली दोन-चार मिनिटं तुम्हाला ‘गाडी गरम व्हायला वेळ लागतोय’ असं वाटत असेल. वाटत असेल तर हे त्याचं कारण. वॉर्मअप जरा लांबवा, दहा मिनिटं तरी.

तुमच्या ट्रेडमिलच्या कागदाकडे आता नीट बघू, कारण त्या शेऱ्यानेच तुमची झोप उडवलेली दिसते. मशीन वयावरून हिशेब करतं: २२० वजा वय, म्हणजे १८६, आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे १५८. तुम्ही पोचलात १४९ वर. म्हणून छापलं, ‘गाठली नाही’. पण त्याच कागदावर खाली लिहिलंय की तुम्ही साडेदहा मिनिटं चाललात आणि बारा मेट्सचं, म्हणजे बसल्या जागी लागते त्याच्या बारापट शक्तीचं, काम केलंत. दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढवणाऱ्या त्या नेहमीच्या पद्धतीत साडेदहा मिनिटं म्हणजे चौथा टप्पा. चौतिशीतले माझे कितीतरी सुटलेल्या पोटाचे सहकारी तिसऱ्यातच दांडा पकडून लटकतात. तुमच्या पायांनी आणि छातीने काम केलं, चक्कर नाही, छातीत दुखलं नाही, ईसीजीत बदल नाही. हे कमकुवत हृदयाचं चित्र नाही. मशीनला तुमची शस्त्रक्रिया माहीत नव्हती, एवढंच. आणि फॉर्मवर ‘पूर्वीच्या शस्त्रक्रिया’ या रकान्यात तुम्ही ‘नाही’ लिहिलं होतंत, त्यामुळे तपासणाऱ्यालाही कळायला मार्ग नव्हता.

यात एक खरी मेख मात्र आहे. उद्या पन्नाशीत खरोखरच हृदयाच्या धमन्यांची शंका आली आणि ट्रेडमिल केली, तर ठरलेली गती न गाठल्यामुळे ती चाचणी अर्धवट मानावी लागेल. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निश्चिंत होता येणार नाही. अशा वेळी डोब्युटामिन देऊन इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, किंवा औषधाने धमन्या रुंदावून स्कॅन करतात. डोब्युटामिन थेट हृदयाच्या स्नायूवर काम करतं, त्याला तुटलेल्या तारांची गरज पडत नाही. त्या वेळच्या डॉक्टरला हे सुचायला हवं असेल तर तुमची शस्त्रक्रिया त्याला माहीत असायला हवी.

‘काळानुसार’ काय होतं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. शस्त्रक्रियेचा परिणाम वर्षागणिक वाढत जात नाही. कापलं गेलं ते पहिल्याच दिवशी गेलं. पहिल्या काही महिन्यांत शरीर त्याच्याशी जुळवून घेतं आणि आकडा एका जागी स्थिरावतो. हृदय त्यामुळे झिजत नाही, फुगत नाही, झडपा बिघडत नाहीत. बदलता तुम्ही. वय वाढतं, रक्तदाब येतो, साखर येते, गोळ्या सुरू होतात, दुसऱ्या शस्त्रक्रिया होतात. आखूड चाबकाची खरी गाठ पडते ती या सगळ्यांशी.

मला हे एका बाईंनी शिकवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून काढायचं होतं. वय असेल चाळिशीच्या आतबाहेर. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी सुईसाठी त्यांचा हात हातात घेतला. हे आम्हा भूलवाल्यांचं रोजचंच, रुग्णाशी पहिली ओळख तळहाताची. आणि त्या वेळी प्रत्येकाचा तळहात थंड आणि दमट असतो, कितीही धीट असला तरी. ह्यांचा ऊबदार आणि कोरडा ठणठणीत, जणू गच्चीवर उन्हात बसून आल्या आहेत. मी हसत म्हटलं, ‘ताई, तुम्हाला भीतीच वाटत नाही वाटतं!’ त्याही हसल्या. हृदयाचं काही? नाही. छातीचं काही ऑपरेशन? नाही. मी पुढे गेलो.

पोटात गॅस भरायला सुरुवात झाली. गॅसने पोटाचा पडदा ताणला की व्हेगस जोरात लगाम ओढतो, हे नेहमीचंच, नाडी पाच-दहाने उतरते आणि चाबूक तिला सावरतो. त्यांची ६० वरून ४९, मग ४१ झाली. सर्जनला गॅस सोडायला लावला, अ‍ॅट्रोपिन दिलं, अर्ध्या मिनिटात नाडी वर आली. पुढचं सगळं सुरळीत झालं. नंतर चादर नीट करताना दोन्ही काखांखाली जेमतेम नखाएवढे पांढरे व्रण दिसले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, ते तर घामाचं ऑपरेशन. लग्नाआधी झालं. तुम्ही छातीचं विचारलंत.’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. विचारताना मी चुकलो. तेव्हापासून कोरडा, ऊबदार हात लागला की मी काखेत पाहतो, आणि ‘हातांच्या घामासाठी कधी काही केलंय का?’ हे सरळ विचारतो.

कमरेतून दिल्या जाणाऱ्या भुलेचंही असंच. ती कधी अपेक्षेपेक्षा वर चढते आणि छातीच्या वरच्या पातळ्यांतले उरलेसुरले धागेही तासाभरासाठी गप्प होतात. तुमच्याकडे आधीच थोडे उरलेत. म्हणजे ती भूल देऊ नये असं नाही, देणाऱ्याला माहीत असावं आणि त्याने सिरिंज भरून ठेवावी.

गोळ्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण रोजच्या आयुष्यात इथेच फसायला होतं. प्रोप्रॅनोलॉल ही जुनी बीटा-ब्लॉकर आहे. ब्लडप्रेशरसाठी ती आता कमी देतात, पण अर्धशिशीसाठी, हात थरथरतात म्हणून, भाषणाआधी धडधडतं म्हणून सर्रास देतात. तळहातांना घाम येणाऱ्या मंडळींमध्ये याच तक्रारी घेऊन फिरणारे बरेच असतात. आखूड चाबकावर ही गोळी म्हणजे उरलेला चाबूकही काढून घेणं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल त्याच कुळातल्या. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि आयव्हाब्रॅडिन वेगळ्या कुळातल्या, पण नाडी त्यांनीही उतरते. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे काचबिंदूचे टिमोलॉल थेंब. डोळ्यात घातलेलं औषध नाकाच्या वाटेने रक्तात उतरतं आणि तेही बीटा-ब्लॉकरच आहे. यातलं काहीच तुम्हाला कायमचं वर्ज्य नाही. सुरू करताना डॉक्टरने कमी मात्रेपासून चढावं आणि आठवड्याने नाडी पाहावी.

हातांचा घाम बंद झाल्यावर तो सरकून पाठीला आणि पोटाला आता जो जास्त घाम येतो त्यासाठी तुम्ही ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्या घेता असं लिहिलंय. हे औषध माझ्या ट्रॉलीत रोज असतं, फक्त इंजेक्शनच्या रूपात. ते लगाम सैल करतं, त्यामुळे नाडी वाढवतं. गोळी घेतलेल्या दिवशी घड्याळ ६५ दाखवतं आणि न घेतलेल्या दिवशी ५२, हा तुम्हाला पडलेला गूढ प्रश्न इथे सुटतो. पण मे महिन्यात, पारा ४२-४३ ला टेकलेला असताना, ती गोळी घेऊन दुपारी स्कूटरवर हिंडू नका. हात आधीच कोरडे, कदाचित डोकं आणि मानही, गोळीने धडही कोरडं केलं तर अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. उन्हात त्वचेकडे जास्त रक्त फिरवायचं काम हृदयाचं असतं आणि तुमचं हृदय गती फार वाढवू शकत नाही. उलट गोळी न घेता गरब्यात तीन तास घुमलात तर धडावरून इतका घाम वाहतो की मीठ-पाणी कमी पडून उठल्या-बसल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी घरचे लगेच हृदयाकडे बोट दाखवतात. आधी ओआरएस प्या, सावलीत पाय वर करून पडा. त्याने दहा मिनिटांत बरं वाटलं तर दोष मिठापाण्याचा होता.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या बायकोलाही वाचायला द्या. हृदयविकाराच्या झटक्याची आपल्याकडची घरगुती खूण काय? ‘दरदरून घाम फुटला’. कपाळावर घामाचे थेंब दिसले की शेजारीही रिक्षा बोलावतो. तुमच्या हातांवर घाम फुटणार नाही, आणि वरच्या पातळीवर कापलं असेल तर कपाळावरही नाही. पाठ भिजेल, पण ती शर्टाच्या आत. शिवाय हृदयाची कळ मेंदूपर्यंत नेणारे धागेही याच साखळीतून वर जातात. एके काळी अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारं, दुखणं थांबवायला सर्जन हीच साखळी मुद्दाम कापत. म्हणजे दुखणंही मवाळ असू शकतं. चौतिशीत याची चिंता करायची गरज नाही. पण पुढे रक्तदाब, साखर किंवा तंबाखू यातलं काही आलं, तर छातीत नुसता दाब, जबड्यात जडपणा, कारण नसताना धाप एवढ्यावरच ईसीजी काढायचा, घामाची वाट पाहायची नाही. साखर एकदम उतरल्यावर होणारा घामही असाच लपतो. मधुमेहाच्या डॉक्टरला हे आवर्जून सांगा.

अंजायनाचा उल्लेख केला म्हणून जरा आडवळण घेतो. बुखारेस्टच्या थॉमस योनेस्कू या सर्जनने १९१६ मध्ये अंजायनाच्या रुग्णाची डावीकडची साखळी काढली होती. पुढे १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. पण १९७१ मध्ये मॉस आणि मॅकडोनाल्ड यांनी हृदयाची लय बिघडवणाऱ्या जन्मजात लाँग क्यूटीच्या आजारात डावीकडची साखळी कापून जीवघेणे ठोके थांबवता येतात हे दाखवलं, आणि गोळ्या पुरत नाहीत अशा रुग्णांत ते आजही करतात. तिथे तर स्टेलेट गाठीचा खालचा अर्धा भागही काढतात, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्तच. आईंना हे जरूर सांगा: ज्या तारा तुटल्या म्हणून त्या घाबरल्यात, त्याच तारा काही मुलांचं हृदय वाचवण्यासाठी मुद्दाम तोडल्या जातात. उजवी बाजू प्रामुख्याने गती सांभाळते, डावी बाजू ठोक्याचा जोर. तुमच्या दोन्ही बाजू झाल्यात, म्हणून गतीवर परिणाम दिसतो.

पेसमेकरबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलंत ते खोटं नाही. घामाच्या शस्त्रक्रियेनंतर नाडी इतकी मंदावली की पेसमेकर बसवावा लागला, अशा मोजक्या नोंदी आहेत. तैवानमधली एक २००१ मध्ये छापून आली, दुसऱ्या पातळीवर दोन्ही बाजूंनी कापलेली. पण आकड्याला घाबरू नका, लक्षणांकडे बघा. ५२ आणि ठणठणीत असलात तर काही करायचं नाही. झोपेत घड्याळ ४४ दाखवेल, तेही चालतं, रात्री लगाम घट्टच असतो. पण उभ्या-उभ्या शुद्ध हरपली, चालताना अचानक डोळ्यांपुढे काळोख आला, जागेपणी नाडी चाळीसच्या खाली राहून गळून गेल्यासारखं वाटलं, किंवा गेल्या वर्षी सहज चढत होतात तो जिना यंदा दोनदा थांबून चढावा लागतोय, तर हृदयरोगतज्ज्ञ गाठा. चोवीस तास ईसीजी नोंदवणारं होल्टर, एक इको, आणि रक्तात थायरॉइड न विसरता. मंद नाडीचं खापर शस्त्रक्रियेवर फोडून थायरॉइडची कमतरता दोन वर्षं तशीच राहिलेला माणूस मी पाहिलाय.

तुम्ही आत्ता करायचं काम कागदी आहे. जुनी डिस्चार्ज समरी शोधा. त्यात कोणत्या पातळीवर कापलं ते लिहिलेलं असेल, ‘टी २-टी ३’ किंवा बरगडीच्या हिशेबाने ‘आर ३’, ‘आर ४’. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि बायकोच्याही मोबाइलमध्ये ठेवा. पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहा: दोन्ही बाजूंची थोरॅसिक सिंपॅथेक्टमी, साल, पातळी, नेहमीची नाडी ५२. कुणी ‘पूर्वीचं ऑपरेशन?’ विचारलं की ‘घामाचं’ म्हणू नका, तो डॉक्टर ते त्वचेच्या खात्यात टाकून मोकळा होईल. ‘छातीतली सिंपॅथेटिक नस कापलीय’ असं म्हणा. स्मार्टवॉचमध्ये कमाल गतीच्या जागी १८६ ऐवजी १५५ भरा, म्हणजे व्यायामाचे टप्पे तरी बरोबर दाखवेल. पुढच्या वर्षी हाफ मॅरेथॉन पळायचीय म्हणता, पळा. वेग घड्याळावरून ठरवू नका, बोलता येतंय का यावरून ठरवा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग ठीक आहे.

मामेबहिणीबद्दल. वय १९, हात इतके भिजतात की परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागतो आणि दांडिया हातातून निसटतो. त्रास खरा आहे, त्याला ‘एवढंसं’ म्हणू नका. पण हृदय हे तिच्या बाबतीत न करण्याचं पहिलं कारण नव्हे. शस्त्रक्रियेचा पस्तावा झालेले जे मला भेटले ते पाठीवर, पोटावर, मांड्यांवर सरकलेल्या घामामुळे, हृदयामुळे एकही नाही. आधी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन, मग पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारं आयन्टोफोरेसिसचं यंत्र, बोटॉक्स, गोळ्या, हे सगळं नीट, प्रत्येकी काही महिने करून झालंय का ते पाहा. तिने बहुतेक फक्त लोशन आठवडाभर लावलं असणार. त्यानंतरही शस्त्रक्रियेवर आलीच, तर पातळी शक्य तितकी खालची ठेवण्याबद्दल सर्जनशी बोला. दुसरी पातळी टाळली तर हृदयावरचा आणि घाम सरकण्याचा, दोन्ही त्रास कमी राहतात. छातीच्या सर्जनांच्या अमेरिकी संघटनेने २०११ मध्ये जी मार्गदर्शक मतं छापली त्यात योग्य रुग्णाच्या अटींमध्ये नाडीचीही अट आहे: आरामातली गती ५५ च्या खाली नको.

तेव्हा तिला सांगा, सलग तीन दिवस, सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. तुमचं घड्याळ उसनं देऊ नका, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची आणि वहीत लिहायची. तिन्ही आकडे ५५ च्या खाली असतील तर सर्जनची तारीख घेण्याआधी तिला माझ्याकडे पाठवा.